मेरियनेथ : वेल्समधील एक डोंगराळ परगणा

ग्रेट ब्रिटनमधील सर्व लोक इंग्रज व त्यांची भाषा इंग्रजी, अशी समजूत विद्यार्थ्यांत पुष्कळदा आढळते. ती दूर करण्यास वेल्सच्या वायव्येकडील मेरियनेथ परगण्याचा परिचय उपयोगी पडेल. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्सचा हा भाग जिंकल्यावर १२८४ साली हा परगणा निर्माण झाला. १९७४ मध्ये त्याचा बहुतेक भाग ग्विनेद या मोठ्या परगण्यात विलीन झाला. तथापि जुने नाव अद्याप प्रचारात आहे.

परगण्याच्या पश्चिमेस कार्डिगनचा उपसागर असून आतील प्रदेश डोंगरांनी व्यापलेला आहे. आरान वौद्वी हे सर्वांत उंच शिखर ९०५ मीटर, तर कादाइर इद्रिस ८९३ मीटर आहे. हिमयुगात हिमनद्यांनी या डोंगरांच्या कुशी कोरल्या व तेथे खोल तळी झाली. वेल्समधील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर, लिन तेगिद, याच परगण्यात आहे. पाऊस विपुल, परंतु जमीन हलकी. त्यामुळे शेतीपेक्षा मेंढ्या पाळण्यावर लोकांचा भर असतो.

उत्तरेस ब्लायनाऊ फेस्टिनिओग येथे पाटीच्या दगडाच्या प्रचंड खाणी आहेत. या दगडाचे पातळ पापुद्रे घरांच्या छपरांसाठी दूरदेशी जात. त्यासाठी १८३६ साली अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली. भरलेले डबे उतारावरून आपल्याच भाराने बंदराकडे घसरत येत आणि रिकामे डबे घोडे वर ओढून नेत. वायव्य वेल्सच्या या खाणप्रदेशास २०२१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

परंतु येथील लोकांचा सर्वांत मोलाचा वारसा म्हणजे त्यांची वेल्श भाषा. दुर्गम खोऱ्यांत घर, शेत व प्रार्थनामंदिर येथे तिचाच वापर होत राहिला. तिच्यावर आघात झाला तो शाळेत. एकोणिसाव्या शतकात वेल्समधील अनेक शाळांत, वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी फळी अडकवीत. दुसरा कोणी वेल्श बोलताना सापडला की ती त्याच्याकडे जाई, आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात ती असे त्यास शिक्षा होई. लिन तेगिदजवळील लानउखलिन गावी १८५८ साली जन्मलेले ओवेन एडवर्ड्स यांनी ही फळी गळ्यात वागविली होती. पुढे १९०७ मध्ये तेच वेल्समधील शाळांचे मुख्य तपासनीस झाले आणि त्यांनी वेल्श भाषेस शाळेत मानाचे स्थान मिळवून देण्याचा प्रयत्न केला. मुलांसाठी त्यांनी वेल्श मासिकही चालविले.

दुसरा आघात धरणाचा. लिव्हरपूल शहरास पाणी पुरविण्यासाठी १९५७ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला. वेल्समधील बहुतेक सर्व खासदारांचा त्यास पाठिंबा नव्हता. कापेल केलिन या वेल्शभाषी गावातील शाळा, प्रार्थनामंदिर, टपालकचेरी व घरे पाण्याखाली गेली, आणि १९६५ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले. लिव्हरपूलच्या नगरपालिकेने २००५ साली याबद्दल क्षमा मागितली. गाव परत आले नाही. मात्र या घटनेने भाषेच्या चळवळीस जोर आला. २०११ च्या कायद्याने वेल्सला वेल्श ही अधिकृत भाषा लाभली.

हा पाठ घेताना शिक्षकांनी नकाशावरील नावांचे अर्थ सांगावेत. ‘लिन’ म्हणजे सरोवर. ‘लान’ म्हणजे चर्च. लानउखलिन म्हणजे सरोवराच्या वरच्या अंगाचे चर्च. यानंतर विद्यार्थ्यांकडून आपल्या गावच्या टेकड्या, ओढे व शेतांची नावे वडीलधाऱ्यांस विचारून लिहून घ्यावीत. वाडीवरचे वा पाड्यावरचे मूल घरची बोली घेऊनच शाळेत येते. तिला हसू नये, तिच्याच आधाराने प्रमाण भाषा शिकवावी. मेरियनेथमध्ये मुलांच्या गळ्यात फळी अडकविणारी शाळाच होती, आणि भाषेस पुन्हा मान देण्याचे कामही शाळेतच करावे लागले.