गुणांमागचा जमाखर्च

लातूर पॅटर्न जन्मला तो महाविद्यालयात. जनार्दन वाघमारे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य असताना या पॅटर्नमधले जादा तास आणि सराव परीक्षा हे महाविद्यालयाचेच काम होते. वैद्यकीय प्रवेश नीट या परीक्षेवर गेल्यानंतर हे काम मोठ्या प्रमाणात खासगी क्लासकडे सरकले आणि लातूरचा उद्योग भवन परिसर, नांदेडचे भाग्यनगर क्लास-मेसवर जगू लागले. गुणवत्तेला आता फीची पावती जोडली गेली आहे. पण निकालाच्या फलकावर फक्त गुण दिसतात.

नीट किती वेळा द्यावी यावर बंधन नाही. २०२२मध्ये कमाल वयाची अटही गेली. कागदावर संधी सगळ्यांना सारखी. प्रत्यक्षात कोण किती वेळा बसणार हे घरची ऐपत ठरवते. गुण थोडे कमी पडले की नोकरदाराचा मुलगा रिपीटर बॅचला बसतो. मुखेड-अहमदपूरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी तेवढ्याच गुणांवर बीएस्सीचा अर्ज भरते. शैक्षणिक कर्ज प्रवेश ठरल्यावर मिळते, क्लासची फी मात्र आधी भरावी लागते. मधला खड्डा सोयाबीनच्या पट्टीतून, दागिने गहाण ठेवून नाहीतर सावकाराच्या पैशाने बुजवतात. महिना शेकडा तीन रुपये दराने लाख उचलले, तर वर्षाला ३६ हजार रुपये नुसते व्याज. म्हणून अकरावीच्या वर्गातच मुलांनी दोन वर्षांची फी, मेस, रूमभाडे, व्याज आणि रिपीटचे एक वर्ष मांडून पाहावे, असे मला ठामपणे वाटते. विषमता शिकायला याहून जवळचा धडा नाही.

गरिबाची मुलेही डॉक्टर होतात, हे खरेच. पण फलकावर पोहोचलेलेच दिसतात. पैशाअभावी दुसऱ्या वर्षी परीक्षेलाच न बसलेल्यांची यादी कुठे लागत नाही. महाज्योती या सरकारी संस्थेचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण मोलाचे आहे, तरी घरापासून दूर राहून काढायच्या वर्षाचा खर्च त्याने सुटत नाही. पैशाच्या गोष्टींनी मुले दडपतील, ही भीतीही समजण्यासारखी आहे. मात्र बापाने म्हैस विकल्याचे मुलांना कळतेच. कळत नाही तो आकडा, आणि आकड्याविना अपराधीपणा वाढत जातो. हिशेब समोर असला तर रिपीट करायचे की नाही हे घरात बसून ठरवता येते, आणि बीएस्सीला गेलेल्या मुलीला आपण बुद्धीने कमी पडलो असे वाटत नाही.