जूनच्या पाण्यावर ठरणारा मासा

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्ग शहराजवळ सस्क्वेहाना नदीवर गळ टाकायला निघालेला माणूस आधी मोबाइलवर दोन आकडे बघतो. नदीची पातळी किती फूट आणि विसर्ग किती क्युसेक. हा क्युसेक आपल्याकडे पावसाळ्यात धरणांच्या बातम्यांतून घरोघरी पोचतो, तिथल्या मासेमाराला तो बारा महिने लागतो. हॅरिसबर्गला नदीचा वर्षभराचा सरासरी विसर्ग ३४ हजार क्युसेकच्या आसपास असतो. उन्हाळ्याच्या शेवटी तो चार-पाच हजारांवर उतरला, की जवळजवळ मैलभर रुंद पात्रात खडकांच्या रांगा उघड्या पडतात आणि बऱ्याच ठिकाणी गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं.

हे सगळं ज्या माशासाठी चालतं, तो स्मॉलमाउथ बास. कांस्यवर्णी अंग, त्यावर उभे गडद पट्टे, लालसर डोळे, आणि गळाला लागला की पाण्याबाहेर उसळी मारायची सवय. पाणी चढलं आणि गढुळलं की तो मधली धार सोडून काठाला, बेटांच्या आडोशाला येतो. अशा वेळी काठापासून दोन हातांवर आमिष पडलं पाहिजे. पाणी उतरून नितळ झालं की तोच मासा सावलीलाही बुजतो, म्हणून दोरी बारीक, आमिष लहान आणि फेक लांब लागते. पूर ओसरत असताना, पाण्याला हिरवट झाक आली की मासेमार खूश होतात, कारण मासा बुजत नाही आणि त्याला आमिष मात्र दिसतं.

पण आजचा विसर्ग मासा कुठे आहे एवढंच सांगतो. मुळात नदीत मासा आहे की नाही, हे चार-पाच वर्षांपूर्वीच्या मे-जूनमधल्या पाण्यानं ठरवलेलं असतं. बासला या नदीत १२ इंच व्हायला साधारण चार वर्षं लागतात आणि १८-२० इंचांचा मासा दहा वर्षांच्या घरातला असू शकतो. त्यामुळे एखाद्या जूनमध्ये पिल्लं वाहून गेली, तर ती पोकळी मासेमारांना कितीतरी वर्षं जाणवते.

वसंतात पाणी १५-१६ अंश सेल्सियसवर गेलं की नर कामाला लागतो. काठाजवळ, हात-दोन हात खोलीवर, एखाद्या मोठ्या दगडाच्या किंवा ओंडक्याच्या आडोशाला तो जागा निवडतो आणि शेपटीचे फटकारे मारून गाळ उडवतो. खाली स्वच्छ खडीचं वाटोळं उघडं पडतं. पोलराइज्ड गॉगल लावून काठावर उभं राहिलं, तर भोवतालच्या शेवाळलेल्या तळात हा फिकट गोल चटकन नजरेत भरतो. मादी येते, मोहरीएवढी अंडी खडीला चिकटवते आणि निघून जाते. मोठी मादी हंगामात हजारो अंडी घालते. पुढचं सगळं नराच्या अंगावर. तो परांनी सतत पाणी हलतं ठेवतो, म्हणजे अंड्यांवर गाळ बसत नाही आणि त्यांना प्राणवायू मिळतो. सनफिश आणि क्रेफिश अंड्यांवर टपलेले असतात, त्यांना तो हुसकावतो. या काळात त्याचं खाणं जवळजवळ थांबलेलं असतं.

ऊबदार पाण्यात अंडी चार-पाच दिवसांत फुटतात, गार पाण्यात दहा दिवसही लागतात. पिल्लं आधी पारदर्शक, खडीच्या फटींत निपचित पडलेली असतात. मग काळी पडतात आणि एक दिवस थवा वर उठतो. या टप्प्याला पिल्लू जेमतेम आठ-नऊ मिलिमीटरचं असतं आणि ओढीपुढे त्याचं काही चालत नाही. या आठवड्यात वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला, तर घरट्यात गाळ भरतो, थवा वाहून जातो. अचानक थंडी पडून पाणी गार झालं, तर नर घरटं सोडूनही जातो. लवकर अंडी वाया गेली तर काही मासे पुन्हा घरटी करतात, पण जूनअखेरच्या पुरानंतर फारसा वाव उरत नाही. उशिरा जन्मलेल्या पिल्लाला थंडीआधी वाढायला वेळही कमी मिळतो, आणि हिवाळा काढायचा तो अंगावर साठवलेल्या चरबीवर.

मग पाणी जितकं कमी तितकं बरं का? तसंही नाही. व्हर्जिनियातल्या नद्यांवरच्या अभ्यासात असं दिसलं, की जूनचा विसर्ग सरासरीच्या जवळपास राहतो त्या वर्षी पिल्लं सर्वाधिक तगतात. मोठ्या पुरात ती फारशी उरत नाहीत आणि फार आटलेल्या नदीतही कमीच तगतात. सस्क्वेहानानं आटलेल्या पाण्याचा दुसरा धोकाही दाखवला. २००५ च्या उन्हाळ्यात पाणी उतरलं, तापलं आणि त्या वर्षीची पिल्लं अंगावर पांढुरके चट्टे आणि जखमा घेऊन मरू लागली. पुढची कित्येक वर्षं हा प्रकार कमी-जास्त प्रमाणात चालू राहिला आणि मोठ्या माशांची संख्या घसरली.

या माशाला माणसानंच या नदीत आणलं, हे इथे सांगायला हवं. मूळचा तो ग्रेट लेक्स, ओहायो आणि मिसिसिपीच्या खोऱ्यांतला. १८५४ मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून काही मासे डोंगर ओलांडून पोटोमॅक नदीत सोडले गेले आणि तिथली वीण पुढे सस्क्वेहानात आली. आणून सोडलेल्या जिवाची जबाबदारी टळत नाही, असं मला वाटतं.

त्या जबाबदारीचा एक भाग थेट गळाशी येतो. घरट्यावरचा नर भुकेनं आमिष घेत नाही, समोर आलेल्या प्रत्येक वस्तूवर तो राखणीपोटी झडप घालतो. म्हणून तो पकडायला अतिशय सोपा. आँटारिओत डेव्हिड फिलिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात उतरून केलेल्या अभ्यासात दिसलं, की नर थोडा वेळ जरी उचलला तरी मधल्या काळात अंडीखाऊ मासे घरट्यावर तुटून पडतात. तो जितका जास्त वेळ बाहेर, तितकं नुकसान मोठं, आणि बरंचसं लुटलं गेलं तर परतलेला नर उरलेलं घरटं सोडून देतो. ज्याच्या घरट्यात पिल्लं जास्त, तो नर जास्त आक्रमक, म्हणून तोच आधी गळाला लागतो. ‘पकडला आणि लगेच सोडला’ हे समाधान मे महिन्यात पुरेसं नाही. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे धरतानाही हाच पेच असतो, वर चढणारा मासा विणीलाच निघालेला असतो.

पेनसिल्व्हेनियाच्या मत्स्य आणि नौका आयोगानं सस्क्वेहाना आणि तिची उपनदी जुनियाटा यांच्या मिळून ९८ मैलांच्या पट्ट्यात बास पकडला तर लगेच सोडण्याची सक्ती केली. काही वर्षं १ मेपासून जूनच्या मध्यापर्यंत तर त्याच्यावर गळ टाकायलाच मनाई होती. ती मनाई मला पूर्ण पटली होती. वर्षातले सहा आठवडे मासेमारानं कार्पवर किंवा कॅटफिशवर काढले, तर त्याचं फार काही बिघडत नाही.

मात्र गळ आवरून सगळं भागत नाही. २०१५ च्या डिसेंबरमध्ये राज्य आणि केंद्राच्या यंत्रणांनी मिळून केलेल्या तपासणीत पिल्लांच्या ऱ्हासाची सर्वात संभाव्य कारणं म्हणून रोगजंतू आणि परजीवी पुढे आले, आणि त्यांच्याबरोबर तणनाशकं व संप्रेरकांत ढवळाढवळ करणारी रसायनं. पोटोमॅकच्या खोऱ्यात आणि इथेही नर बासच्या वृषणांत अंडपेशी सापडलेल्या आहेत. आता वेळापत्रक बघा. मक्याची पेरणी आणि तणनाशकाची फवारणी होते एप्रिल-मेमध्ये, आणि फवारणीनंतरच्या पहिल्या जोरदार पावसात शेतातलं रसायन सर्वात जास्त प्रमाणात ओढ्यात उतरतं. म्हणजे खडीवर अंडी असतात किंवा थवा नुकताच उठलेला असतो, नेमक्या त्याच आठवड्यांत. जूनचा पाऊस कुणाच्या हातात नाही. शेत आणि ओढा यांच्यामध्ये झाडांचा पट्टा ठेवणं हातात आहे, आणि त्यासाठी पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांना सरकारी पैसेही मिळतात. हॅरिसबर्गच्या मासेमारानं पातळीच्या आकड्यांइतकंच लक्ष या पट्ट्यांकडे द्यायला हवं, कारण मे-जूनचं पाणी वाढलं की त्याच्याबरोबर काय वाहून येणार, ते तिथे ठरतं.