घड्याळांच्या गावी

स्वित्झर्लंडला जाऊन आलेली मंडळी बर्फ आणि चॉकलेट यांपलीकडे फारसं काही सांगत नाहीत. मीही त्यातलीच झाले असते. पण लेकीकडे गेले होते तेव्हा तिने एक दिवस मला मुद्दाम ला शो-द-फों या गावी नेलं. न्यूशातेलहून निघालेली गाडी डोंगर चढता चढता मध्येच एका स्टेशनात उलट्या दिशेने धावू लागते. मला वाटलं, चुकलोच आपण! हजार मीटर उंचीवरचं ते गाव, आणि तिथलं घड्याळांचं संग्रहालय. १९७४ साली बांधलेली ही इमारत बरीचशी जमिनीखाली आहे.

आत सूर्यघड्याळापासून क्वार्ट्‌झपर्यंत सगळं आहे. मीनाकारीची खिशातली घड्याळं पाहून तर डोळे निवतात. पण मी रेंगाळले ती घड्याळाच्या पोटातल्या केसाएवढ्या कमानीपाशी. ती कमान बेताची बसवणं, म्हणजे घड्याळ पुढे पळू नये नि मागे रेंगाळू नये, हे काम पूर्वी इथे बहुतेक बायका करत. कित्येकजणी तर घरीच, खिडकीशी बसून. सैपाक, मुलं, आणि मधल्या वेळात हे! १७९४ च्या आगीनंतर गाव सरळ रस्त्यांचं बांधलं, घरांना खिडक्यांच्या रांगाच रांगा. कारागिरांना उजेड हवा म्हणून. २००९ साली युनेस्कोने या गावाला जागतिक वारशात घेतलं. घड्याळांवर नावं मात्र मालकांची, बायकांची नाहीत.

परतताना लेकीने आणखी एक गोष्ट सांगितली. आपण ज्याला ‘रेडियमचं घड्याळ’ म्हणतो ना, त्या अंधारात चमकणाऱ्या आकड्यांत पूर्वी खरंच रेडियम असे. इथल्या बायका तो रंग घरात बसून भरत. अमेरिकेतल्या कारखान्यांत तर ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला शिकवत. जबड्याची हाडं झिजून पोरी गेल्या. त्यांचा न्यू जर्सीतला खटला १९२८ साली मिटला. स्वित्झर्लंडमध्ये १९६० च्या दशकापर्यंत रेडियम वापरात होतं, आणि २०१५ पासून सरकारने अशी जुनी घरं तपासायला घेतली.

ऐकलं आणि माझ्या छातीत धस्स झालं. आमच्या कपाटात मामंजींचं स्वातंत्र्यापूर्वीचं स्विस घड्याळ आहे. दिवाळीच्या आवराआवरीत त्याची काच निघाली होती, तेव्हा आतली पिवळट भुकटी मी पदराने पुसली होती. शेजारी नात बसलेली!

म्हणून मैत्रिणींनो, एवढं ऐका. आकडे आता चमकत नाहीत म्हणजे रेडियम संपलं, असं नाही बरं का. चमक विझते ती रंगातल्या दुसऱ्या द्रव्याची. रेडियम निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. काच धड असलेलं घड्याळ फडताळात ठेवलं तर घाबरण्यासारखं काही नाही. पण ते उघडू नये, खरवडू नये, मुलांच्या हाती देऊ नये. दुरुस्तीला दिलंत तर घड्याळजीला आधी सांगावं.

मी तेच केलं. काच घट्ट बसवून आणली. ‘हे’ म्हणाले, “देऊन टाकू या का कुणाला?” कुणाला देणार? वरच्या कप्प्यात, डब्यात ठेवलंय. चावी दिली की अजून चालतं.