चोविसाने भाग जात नाही

भंडारा शहराला लागून वैनगंगा वाहते. कारधा येथे नदीवर पूल आहे. एका विद्यार्थ्याने काठावर उभे राहून, मोबाइल डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवत, या पुलाचे चित्रण केले. चित्रण सिनेमासारखे दिसावे म्हणून त्याने कॅमेऱ्यात ‘सेकंदाला २४ चित्रे’ ही निवड केली होती. घरी येऊन पाहतो तर पुलाचे खांब सरळ सरकण्याऐवजी हिसके देत जात होते. “तुझा हात हलला,” असे सर्वांनी ठरवून टाकले. मुलगा चिकाटीचा. दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइल तिपाईवर बसवून तेच चित्रण पुन्हा केले. हिसके तसेच राहिले.

त्याच्या शिक्षकांनी हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला, तेव्हा आम्हांला बरे वाटले. मुलाचा हात निर्दोष होता. दोष एका भागाकारात होता आणि तो भागाकार सुमारे ऐंशी वर्षांपासून चित्रपट व दूरचित्रवाणी या दोघांना छळतो आहे.

चोवीस आले कोठून?

चलच्चित्र म्हणजे एकापाठोपाठ एक दाखवलेली स्थिर चित्रे, हे आपण वर्गात शिकवतो. अशा प्रत्येक चित्राला आपण चौकट म्हणू. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला, तेव्हा चौकटींचा वेग काटेकोर नव्हता. कॅमेरा हाताने फिरवला जाई. वेग थोडा कमीजास्त झाला तरी पात्रे जरा भरभर किंवा सावकाश चालत, एवढेच.

बोलपट आला आणि ही मोकळीक संपली. आवाज फिल्मच्या कडेलाच नोंदवला जाऊ लागला. फिल्मचा वेग बदलला की आवाजाची पट्टी बदलते, आणि कानाला ते लगेच समजते. म्हणून एक वेग ठरवणे भाग पडले. विसाच्या दशकाच्या अखेरीस सेकंदाला २४ चौकटी हा वेग रूढ झाला. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी मावतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी चित्रपट बोलू लागला, तोही याच वेगाच्या काळात.

चित्रपटगृहात २४ हा आकडा अडचणीचा नव्हता. प्रक्षेपकाला दुसऱ्या कोणत्याही घड्याळाशी जमवून घ्यायचे नव्हते. प्रकाश लुकलुकू नये म्हणून झडपेच्या साहाय्याने प्रत्येक चौकट दोनदा दाखवत. सेकंदाला ४८ उघडझापा आणि प्रत्येक चौकटीच्या वाट्याला सारखाच वेळ.

दूरचित्रवाणीचे घड्याळ

दूरचित्रवाणीचा वेग मात्र विजेच्या प्रवाहावरून ठरला. सुरुवातीच्या संचांत वीजपुरवठ्याच्या स्पंदनांमुळे पडद्यावर पट्टे उमटत. चित्राची गती आणि विजेची वारंवारता जुळवली की ते पट्टे निदान एका जागी स्थिर राहत. म्हणून जेथे वीज ५० हर्ट्‌झची, तेथे सेकंदाला ५० अर्धचित्रे. जेथे ६० हर्ट्‌झची, तेथे ६०. अर्धचित्र म्हणजे आधी विषम ओळी आणि मग सम ओळी. दोन्ही मिळून एक पूर्ण चौकट. भारतातील वीज ५० हर्ट्‌झची. १९५९ साली दिल्लीत आणि १९७२ साली मुंबईत दूरचित्रवाणी सुरू झाली, ती सेकंदाला २५ चौकटींची. अमेरिकेत त्या ३० ठरल्या.

आता भागाकार करा. ५० ला २४ ने भागले तर बाकी उरते २. ६० ला २४ ने भागले तर बाकी उरते १२. भाग पुरता जात नाही आणि चित्रपट तर दाखवायचा आहे. मग ही बाकी कोठे लपवायची?

आपण बाकी सुरात लपवली

५० हर्ट्‌झच्या देशांनी सोपा मार्ग काढला. फिल्म थोडी भरभर, म्हणजे २४ ऐवजी २५ च्या वेगाने चालवायची. प्रत्येक चौकटीची दोन अर्धचित्रे होतात आणि हिशेब पुरा होतो. हालचालीत हिसका नाही. मात्र चित्रपट चार टक्क्यांहून थोडा अधिक वेगाने पळतो. अडीच तासांचा, म्हणजे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनसमोर बसणाऱ्या घराला ही सहा मिनिटे गेल्याचे कळतही नसे.

आवाजही त्याच प्रमाणात वर चढतो. गायिकेचा षड्ज २४० हर्ट्‌झचा असेल, तर तो २५० होतो. पेटीवरची लगतची पट्टी २५४ च्या आसपास असते. म्हणजे गाणे जवळपास पाऊण पट्टी चढते. सगळे स्वर एकाच गुणोत्तराने चढत असल्याने चाल बिघडत नाही आणि नुसत्या ऐकणाऱ्याला काही खटकत नाही. पण पडद्यावरच्या गाण्याला पेटीवर साथ करू पाहणारा दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत सापडतो. त्या काळी टेपरेकॉर्डरचा वेगही फारसा भरवशाचा नसे, त्यामुळे दोष यंत्राच्या नाहीतर वाजवणाऱ्याच्या माथी जाई. आज संगणकाच्या साहाय्याने वेग वाढवूनही पट्टी मूळ जागी ठेवता येते.

त्यांनी बाकी हालचालीत लपवली

२४ वरून ३० हा फरक मोठा, तब्बल पंचवीस टक्के. एवढ्या वेगाने फिल्म पळवली तर नायकाचा आवाज लहान मुलासारखा येईल. म्हणून अमेरिकेत वेगळी युक्ती केली. २४ ला ६० म्हणजे २ ला ५. दोन चौकटींत पाच अर्धचित्रे वाटायची, तर एकीला तीन आणि दुसरीला दोन. पुन्हा तीन, पुन्हा दोन. सेकंदाअखेर हिशेब बरोबर जुळतो, वेळ आणि सूर दोन्ही शाबूत राहतात. पण वाटणी असमान होते. प्रत्येक चौकटीला सुमारे ४२ मिलिसेकंद मिळायला हवेत. त्याऐवजी एकीला ५० आणि दुसरीला ३३ मिळतात.

हे वर्गात ऐकवता येते. विद्यार्थ्यांना एकसारख्या लयीत दहापर्यंतचे आकडे पुन्हा पुन्हा म्हणायला सांगा आणि १, ४, ६, ९ या आकड्यांवर टाळी द्यायला लावा. ठेका लंगडा वाटेल. मग आठपर्यंत मोजून १, ३, ५, ७ वर टाळी द्या. ठेका सरळ होईल. दोन्ही वेळा टाळ्या चारच. डोळ्याला जाणवणारा हिसका म्हणजे हा लंगडा ठेका.

डोळा पुढे, चित्र मागे

पण एवढासा फरक डोळ्याला कळतो कसा? एक छोटा प्रयोग करा. समोरच्या मित्राला भिंतीवरून नजर सावकाश सरकवायला सांगा आणि त्याच्या बुबुळांकडे पाहा. ती उड्या मारत जातील. आता पेन्सिलीचे टोक त्याच्यासमोरून हळूहळू न्या आणि त्याला टोकाकडे पाहायला सांगा. बुबुळे सलग सरकतील. हलत्या वस्तूचा पाठलाग करताना डोळा पुढचा अंदाज घेत एकसारख्या गतीने चालतो.

समजा पडदा १२०० मिलिमीटर रुंद आहे आणि पुलाचा एक खांब तो पाच सेकंदांत ओलांडतो. चौकटी झाल्या १२०. दर चौकटीला खांब १० मिलिमीटर सरकतो. डोळा सेकंदाला २४० मिलिमीटर या गतीने त्याच्यामागे आहे. तीन-दोनच्या वाटणीत दर दुसरी चौकट आठ मिलिसेकंदांनी उशिरा येते. तेवढ्यात डोळा दोन मिलिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे खांब सेकंदाला बारा वेळा दोन मिलिमीटर मागे राहतो आणि पुन्हा जागेवर येतो. पात्रे बसून बोलत असतील तर हे कळत नाही. कॅमेरा एकसारखा फिरत असेल आणि चित्रात उभ्या रेषा असतील, तर लपत नाही. पुलाचे खांब म्हणजे नेमके तसेच दृश्य.

येथे एक गोष्ट वेगळी ओळखली पाहिजे. २४ चौकटींचे चित्र वाटणी समान असतानाही थोडे तुटक दिसतेच, कारण चौकट स्थिर असते आणि डोळा मात्र चालत असतो. म्हणून चित्रपटाचा छायालेखक कॅमेरा भरभर फिरवणे टाळतो. असमान वाटणी हा त्यावर पडलेला जादा हिसका आहे.

अमेरिकेचा हिसका भंडाऱ्यात

आता त्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्‌झचीच आहे. पण मोबाइलचा पडदा विजेच्या तारेशी बांधलेला नाही. पुष्कळ मोबाइलचे पडदे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात. त्यावर २४ चौकटींचे चित्रण लावले की तीच तीन-दोनची वाटणी होते. जो हिसका अमेरिकन प्रेक्षकांनी अनेक वर्षे सोसला, तो या मार्गाने आपल्या खिशात आला आहे. २५ चौकटींची जुनी मालिका अशा पडद्यावर लावली तरी सुटका नाही. तेथे पाच चौकटींत बारा वाटे पडतात, म्हणजे दोन, दोन, तीन, दोन, तीन.

उपाय भागाकारातच आहे. १२० ला २४, ३० आणि ६० या तिघांनीही भाग जातो. म्हणून १२० हर्ट्‌झचा पडदा प्रत्येक चौकट पाच वेळा दाखवून चित्रपट हिसक्याविना दाखवू शकतो. काही दूरचित्रवाणी संच मधल्या चौकटी स्वतः गणित करून तयार करतात. त्याने हालचाल गुळगुळीत होते, पण चित्रपट एखाद्या मालिकेसारखा दिसू लागतो. ही सोय नको असेल तर बहुतेक संचांत ती बंद करता येते.

शाळेसाठी चित्रण करणाऱ्या शिक्षकांनी दोन घड्याळे ध्यानात ठेवावीत. पाहणारे ६० हर्ट्‌झच्या मोबाइलवर पाहणार असतील, तर सेकंदाला ३० चौकटी घ्याव्यात; प्रत्येकीला बरोबर दोन वाटे मिळतात. पण वर्गातली ट्यूबलाइट ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त उजळते. म्हणून कॅमेऱ्यात प्रत्येक चौकटीचा प्रकाशनकाळ १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवावा, म्हणजे प्रत्येक चौकटीत सारखाच उजेड पडेल आणि चित्र लुकलुकणार नाही.

त्या विद्यार्थ्याने ३० चौकटी घेऊन पुलाचे चित्रण तिसऱ्यांदा केले. या वेळी मोबाइल हातातच धरला होता. खांब सरळ सरकत गेले. ज्या हाताला दोष दिला गेला, तोच हात होता.