शस्त्र, शिल्प आणि समाधी : सिंदखेड राजा पाहताना

- खास प्रतिनिधी

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा म्हटले की आठवतो तो १२ जानेवारी. राजमाता जिजाऊंच्या जन्मदिनी येथे जनसागर लोटतो. एरवी मात्र समृद्धी महामार्गावरून लोणारकडे वळणारा प्रवासी राजवाड्याच्या भव्य दरवाजासमोर छायाचित्र काढतो आणि अर्ध्या तासात पुढे निघतो. या गावात लष्करी इतिहास आणि ललित कला या दोहोंचे एक अख्खे दालन उघड्यावर मांडलेले आहे, हे त्याच्या ध्यानीही येत नाही.

जून २०२४ मध्ये या दालनात अनपेक्षित भर पडली. लखुजीराजे जाधवराव यांच्या समाधीच्या परिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या नागपूर मंडळातर्फे जतनाचे काम सुरू होते. त्या वेळी आधी काही दगड, मग एका प्राचीन मंदिराचा पाया आणि त्याचा सभामंडप उजेडात आला. आणखी खाली, सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर, शेषशायी विष्णूची मूर्ती मिळाली. साधारण १.७० मीटर लांब आणि एक मीटर उंच असलेल्या या शिल्पात शेषनागावर पहुडलेला विष्णू आहे, त्याचे चरण चुरणारी लक्ष्मी आहे आणि समुद्रमंथनाचा प्रसंगही कोरलेला आहे. मंथनातून निघालेली अश्व आणि ऐरावत ही रत्नेही त्यात ओळखता येतात.

एका सरदाराच्या समाधीशेजारी जमिनीखाली मंदिर आणि त्यात विष्णू! लष्करी इतिहास आणि शिल्पकला या दोन विषयांची दालने मोठ्या संग्रहालयात वेगवेगळ्या मजल्यांवर असतात. सिंदखेड राजात ती एकाच मातीच्या दोन थरांत सापडली. म्हणूनच हे गाव कसे पाहावे आणि येथे सापडलेल्या वस्तू कोठे ठेवाव्यात, हे दोन्ही प्रश्न एकत्र समजून घ्यायला हवेत.

समाधीमागची कहाणी

लखुजी जाधवराव हे निजामशाहीतील मातब्बर सरदार. सिंदखेडची देशमुखी त्यांच्याकडे होती आणि जाधव घराणे आपले मूळ देवगिरीच्या यादवांशी जोडते. लखुजी काही काळ मोगलांकडे गेले, पुन्हा निजामशाहीत परतले. १६२९ च्या जुलैमध्ये दौलताबादच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात, त्यांची आणि त्यांच्यासमवेत मुलांची व नातवाची हत्या झाली. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा मानला, तर नातू जन्मण्याच्या अवघे काही महिने आधी जिजाऊंचे माहेर असे उद्ध्वस्त झाले होते. सिंदखेड राजातील समाधीची वास्तू पाहताना ही तारीख मनात असावी. तिचा घुमट आणि कमानी यांची घडण दख्खनी सुलतानांच्या वास्तुशैलीतून आलेली आहे. ज्या दरबाराने घात केला, त्याच दरबाराच्या काळातील स्थापत्याची भाषा समाधीनेही वापरली, कारण सतराव्या शतकातील दख्खनमध्ये सत्ताधीशांची ती समाईक भाषा होती.

राजवाडा, रंगमहाल, काळाकोट, निळकंठेश्वर व रामेश्वर ही मंदिरे, सजना बारव आणि पुतळाबारव, मोती तलाव आणि चांदणी तलाव असा मोठा वास्तुसमूह या एका गावात आहे. गढी किंवा कोट पाहताना नुसती उंची पाहू नये. दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांच्या देवड्या कोठे आहेत, भिंतीत बंदुकीसाठी जंग्या ठेवल्या आहेत काय, फांजीवरून माणूस कितपत आडोशाने चालू शकेल, हे पाहावे. काळाकोटाच्या रुंद, काळ्याभोर भिंती तोफांच्या काळात बांधकाम कसे बदलले हे सांगतात. तलाव आणि बारवांनाही लष्करी अर्थ आहे. वेढा पडला तर धान्य काही महिने पुरते. पाणी मात्र रोज लागते. पुतळाबारवेच्या भिंतीवरची शिल्पे पाहताना ती कलाकृती आहे, तशीच ती पाणीपुरवठ्याची व्यवस्थाही आहे, हे विसरता कामा नये.

रणांगण कसे पाहायचे?

बुलढाणा जिल्ह्याच्या भूमीवर निर्णायक लढाया झाल्या, हे जिल्ह्याबाहेर फारसे ठाऊक नसते. मोताळा तालुक्यातील रोहिणखेड येथे १४३७ मध्ये बहमनी फौजेने खानदेशच्या नासिरखानाचा पराभव केला. त्याच रोहिणखेडला १५९० च्या सुमारास अहमदनगरच्या गादीसाठी लढाई झाली आणि बुऱ्हाण निजामशहाने जमालखानावर मात केली. ऑक्टोबर १७२४ मध्ये सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान एकमेकांना भिडले. मुबारिजखान मारला गेला, निजाम दख्खनचा धनी झाला आणि पुढे सव्वादोनशे वर्षे टिकलेल्या हैदराबाद राज्याचा पाया येथे घातला गेला. या विजयामुळे गावाला 'फत्तेखेर्डा' असे नावही मिळाले.

डिसेंबर १७५७ मध्ये खुद्द सिंदखेडला वेढा पडला. आत होते निजामाच्या बाजूचे रामचंद्र जाधवराव, तर बाहेर पेशव्यांचे पुत्र विश्वासराव आणि दत्ताजी शिंदे यांची फौज. जाधवरावांच्या सुटकेसाठी निजामअली धावून आला. लढाई होऊन अखेर तहाची बोलणी झाली. त्या तहात पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्गचा किल्ला मराठ्यांच्या पदरात पडला. जिजाऊंचे माहेर निजामाच्या बाजूने आणि त्यांच्या नातवंडांच्या राज्याचा पेशवा विरुद्ध बाजूने, असे हे चित्र आहे. इतिहासाची सोपी मांडणी करणाऱ्याला ते अडचणीचे वाटेल, पण त्या काळातील निष्ठा वतन, सनद आणि दरबार यांच्याभोवती फिरत होत्या, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

अडचण अशी की, रणांगणावर पाहण्यासारखे फार काही उरत नाही. नांगरट होते, पिके उभी राहतात, वस्ती वाढते. तेथे उभ्या असलेल्या माणसाला फौजांचे तळ कोठे होते, नदीनाल्यांनी कोणाची वाट अडवली, तोफा कोणत्या उंचवट्यावर होत्या हे दिसत नाही. ते नकाशा, प्रतिकृती आणि समकालीन कागदपत्रांतून दाखवावे लागते. लष्करी इतिहासाच्या संग्रहालयाचे खरे काम तलवारींच्या रांगा लावणे हे नसून न दिसणारे रणांगण दृश्यमान करणे हे आहे.

शस्त्र हीही कलाकृती

शस्त्रे पाहण्याचीही एक रीत आहे. संग्रहालयात बहुतेकजण पात्याची लांबी आणि धार पाहून पुढे सरकतात. जाणकार आधी मूठ पाहतो. मूठ, परज, पाते आणि म्यान हे चारही भाग अनेकदा चार ठिकाणांहून आलेले असतात.

याचा ताजा दाखला वऱ्हाड-नागपूरशी निगडित आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक रघुजी भोसले यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सोथबीजच्या लिलावात आली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आणली. ही तलवार 'फिरंग' प्रकारची आहे. पाते युरोपीय बनावटीचे आणि मूठ देशी, अशा मिश्र तलवारीला मराठ्यांनी हे नाव दिले. तिच्या मुठीवर सोन्याची कोफ्तगरी म्हणजे पोलादावर सोन्याची तार ठोकून केलेले नक्षीकाम आहे आणि पात्यावर देवनागरीत रघुजींचे नाव आहे. एकाच वस्तूत व्यापार, धातुकाम, सुलेखन आणि सत्ता हे सारे सामावलेले असते ते असे. २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळालेल्या दांडपट्ट्यातही मनगट झाकणारी पोलादी मूठ आणि लांब, लवचीक पाते यांचा मेळ पाहण्यासारखा असतो.

शस्त्रांचा आणखी एक पुरावा दगडात आहे, तो म्हणजे वीरगळ. गावाच्या वेशीवर किंवा मंदिराच्या आवारात शेंदूर फासून उभे असलेले हे दगड खालून वर वाचायचे असतात. खालच्या चौकटीत लढाई किंवा मृत वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. ज्या सैनिकांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत, त्यांची ढाल, तलवार आणि घोडा येथे कोरलेला आहे. लष्करी इतिहास आणि शिल्पकला यांच्यातील भिंत वीरगळापाशी पूर्ण गळून पडते.

मूर्ती नेमकी कोठे असावी?

आता शेषशायी विष्णूकडे वळू. ही मूर्ती क्लोराइट शिस्ट या दगडाची आहे. बुलढाणा जिल्हा बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात येतो. शिस्ट त्या मानाने मऊ असतो, त्यामुळे दागिन्यांचे बारीक नक्षीकाम त्यात साधता येते. कर्नाटकातील होयसळ शिल्पांचा नाजूकपणा याच जातीच्या दगडामुळे शक्य झाला. साहजिकच हा दगड कोठून आला, की मूर्तीच घडवून आणली गेली, हा अभ्यासाचा विषय ठरतो.

मऊपणाचा दुसरा अर्थ असा की, तेल, शेंदूर, रोजचा अभिषेक आणि हजारो हातांचा स्पर्श यांनी असे शिल्प झिजते. म्हणजे मूर्ती पूजेत ठेवावी तर दगडाचा बळी, मोठ्या शहरातील संग्रहालयात न्यावी तर संदर्भाचा बळी. सभामंडपाच्या पायापासून तोडलेली मूर्ती सुंदर राहते, पण ती कोणत्या मंदिराची, त्या मंदिराचे काय झाले आणि त्याच जागेशेजारी पुढे समाधी का उभी राहिली, हे प्रश्न तिच्यासमोर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला सुचतही नाहीत.

जिल्ह्याला हा पेच नवा नाही. मेहकरच्या शारंगधर बालाजीची सुमारे ११ फूट उंचीची मूर्ती १८८८ मध्ये जमिनीतून निघाली. इंग्रज सरकार ती विलायतेला नेईल या धास्तीने गावकऱ्यांनी घाईने तिची प्रतिष्ठापना केली, असे मेहकरात आजही सांगितले जाते. मूर्ती गावात राहिली, पूजेत राहिली. त्या धास्तीमागे कारणही होते. इंग्रजी अमलात देशभरातील असंख्य पुरावस्तू परदेशी गेल्या. १८७८ च्या गुप्तधन कायद्याने जमिनीत सापडलेल्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक झाले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेल्यावर येथील महत्त्वाच्या वस्तूंची वाट साहजिकच नागपूरला, १८६३ मध्ये स्थापन झालेल्या आणि 'अजब बंगला' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मध्यवर्ती संग्रहालयाकडे वळली. तेथे त्या सुरक्षित राहतात. परंतु सिंदखेड राजातील शाळकरी मुलाला आपल्याच तालुक्यातील वस्तू पाहायला काही तासांचा प्रवास करावा लागत असेल, तर त्या त्याच्या किती उरल्या, हा प्रश्न राहतोच.

या दोन टोकांमधला मार्ग शंभर वर्षांहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पुरातत्त्व विभागाचे प्रमुख असलेल्या जॉन मार्शल यांनी उत्खननातील वस्तू शक्यतो त्या स्थळाच्या सान्निध्यातच ठेवाव्यात, असे धोरण आखले. सारनाथचे स्थळ-संग्रहालय त्यातून १९१० मध्ये उभे राहिले. पुढे नालंदा, सांची, हंपी येथेही हीच पद्धत अवलंबली गेली. सारनाथला सिंहशीर्ष पाहून दारातून बाहेर पडले की ज्या स्तंभावर ते होते त्याचे अवशेष काही पावलांवर दिसतात. वस्तू आणि जागा यांचे हे नाते कोणत्याही माहितीफलकाने निर्माण करता येत नाही.

सिंदखेड राजासारख्या ठिकाणी अशा संग्रहालयाला फार मोठी इमारत लागणार नाही. चोख सुरक्षा, दमटपणापासून संरक्षण, उत्खननाच्या थरांचा छेद दाखवणारे रेखाचित्र, चारही लढायांचे नकाशे आणि शुद्ध, सुबोध मराठीतील फलक एवढे हवे. सोबत वर्षानुवर्षे पगार मिळणारा प्रशिक्षित कर्मचारीवर्ग हवा. उद्घाटनाच्या फितीपेक्षा ही शेवटची बाब अधिक खर्चीक आणि अधिक महत्त्वाची असते.

भेट देताना

सिंदखेड राजा जालन्याहून साधारण ३० ते ३५ किलोमीटरवर आहे. समृद्धी महामार्गावरूनही येथे उतरता येते. सकाळी राजवाडा, समाधी आणि काळाकोट पाहावा, ऊन चढण्याआधी बारवा आणि तलाव उरकावेत. दुपारनंतर मेहकर किंवा लोणारकडे निघावे. लोणारला विवराबरोबरच दैत्यसूदन मंदिर चुकवू नये. तेथील बाह्यभिंतींवरील आणि छतावरील शिल्पे पाहिल्यावर सिंदखेडच्या विष्णूकडे पाहण्याची नजर आपोआप तयार होते.

मूर्तीच्या हातांतील शंख, चक्र, गदा, पद्म यांचा क्रम टिपून ठेवावा. उभ्या विष्णूची चोवीस रूपे या क्रमावरूनच ओळखली जातात. शिल्पांना हात लावू नये, वीरगळांवर बसू नये आणि शेतात एखादा कोरीव दगड दिसला तर तो न हलवता तलाठ्याला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे. जागचा हललेला दगड शोभेची वस्तू होऊन बसतो. जागेवर राहिला, तर त्याच्याखाली मंदिराचा पाया आहे की नाही, हे विचारता तरी येते.