रूप पाहून दिलेला निकाल

वर्धा, प्रतिनिधी

कापूस पिकविणाऱ्या मुलखात सरकी काढण्याचे यंत्र म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव या पट्ट्यात जिनिंगचा आवाज ऐकतच कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या. अशाच एका यंत्रात लहानपणी डावा हात सापडून तो कायमचा निकामी झालेला एक मजूर जगाच्या साहित्यात अजरामर झाला आहे. त्याचे नाव टॉम रॉबिन्सन. हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीतील हा कृष्णवर्णीय तरुण. एका गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा आरोप त्याच्यावर येतो. तिच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार लागलेला आहे. म्हणजे समोरून मारणारा बहुधा डावखुरा असला पाहिजे. टॉमचा डावा हात तर भर न्यायालयात लुळा लोंबताना सगळ्यांना दिसतो आहे. तरीही ज्युरीतील गोरे पुरुष त्याला दोषी ठरवितात.

डोळ्यांपुढचा हात दिसत नाही आणि कातडीचा रंग तेवढा दिसतो. असे का होते, हा या कादंबरीचा खरा प्रश्न आहे. तो अमेरिकेपुरता नाही. वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात तो किमान तीनदा तरी विचारला गेला आहे. एकदा मंदिराच्या दारात, एकदा एका परदेशी पाहुण्याच्या तोंडून आणि एकदा आश्रमातल्या एका झोपडीसमोर.

दोन निरपराध माणसे

१९६० साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीला पुढच्याच वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला. १९६२ साली तिच्यावर चित्रपट निघाला आणि वकील अॅटिकस फिंचच्या भूमिकेसाठी ग्रेगरी पेक यांना ऑस्कर मिळाले. कथा घडते ती अलाबामा राज्यातील मेकोम्ब या काल्पनिक गावात, १९३० च्या दशकातील मंदीच्या काळात. निवेदन आहे स्काउट या मुलीचे. तिचे वडील अॅटिकस टॉमचे वकीलपत्र घेतात. १९३१ साली याच अलाबामात स्कॉट्सबरो येथे नऊ कृष्णवर्णीय मुलांवर असाच आरोप होऊन त्यांपैकी आठजणांना सुरुवातीला मृत्युदंड सुनावला गेला होता. तो खटला कादंबरीच्या संदर्भात नेहमी आठवला जातो.

खटल्याच्या बरोबरीने आणखी एक कथा चालते. शेजारच्या घरात बू रॅडली नावाचा माणूस वर्षानुवर्षे बंद दाराआड राहतो. त्याला कोणी नीट पाहिलेले नाही, पण तो कसा भयंकर दिसतो हे मात्र गावातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. शेवटी हाच बू स्काउट आणि तिच्या भावाचा जीव वाचवितो. म्हणजे एका माणसाचा निवाडा रंग पाहून होतो, तर दुसऱ्याचा न पाहताच.

टॉमच्या बाबतीत एक तपशील विशेष बोचतो. आपल्याला त्या गोऱ्या मुलीची दया आली, असे तो साक्षीत सांगून जातो आणि तेथेच त्याचे नशीब ठरते. कृष्णवर्णीयाने गोऱ्याची कीव करावी, हे त्या समाजाला आरोपापेक्षाही अधिक असह्य वाटते. पूर्वग्रहाचे मूळ केवळ अज्ञानात नसते, कोण वर आणि कोण खाली या मांडणीत असते, हे येथे स्पष्ट होते.

कापसाचा धागा

अलाबामा आणि वर्धा यांचे नाते केवळ कल्पनेचे नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना जात असे. १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धाने तो पुरवठा आटला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाड-नागपूर प्रांताकडे वळली. हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारात नावाजला गेला तो याच सुमारास. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला तोही १८६२ साली, ऐन युद्धाच्या धामधुमीत.

त्या युद्धाने अमेरिकेतील गुलामगिरी संपली. तिचे मोल महाराष्ट्रात सर्वांत आधी ओळखले ते महात्मा फुले यांनी. १८७३ सालचा आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी कृष्णवर्णीयांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. तिकडचा वर्ण आणि इकडची जात यांची तुलना मराठीत तेव्हापासून सुरू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉय यांना पत्र लिहून दोन्हीकडच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते.

दोन्हींत फरक आहेच. रंग दुरून दिसतो, जात दिसत नाही. ती विचारून घ्यावी लागते. आडनाव, गाव, वस्ती, बोलण्याचा ढंग यांवरून तिचा माग काढला जातो. एकदा ती कळली की मात्र पुढचा निवाडा मेकोम्बच्या ज्युरीइतकाच झटपट होतो.

वर्ध्याला आलेला पाहुणा

कादंबरीतील मेकोम्बमध्ये टॉमचा खटला चालतो त्याच्या मागेपुढेच, १९३६ सालच्या अखेरच्या दिवशी, अमेरिकेच्या त्याच दक्षिणेत वाढलेला एक कृष्णवर्णीय प्राध्यापक वर्ध्याला गांधीजींना भेटत होता. त्यांचे नाव बेंजामिन मेज. कादंबरीच्या लेखिका तेव्हा अवघ्या दहा वर्षांच्या होत्या.

मेज यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. १८९८ साली दक्षिण कॅरोलिनात गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने आपल्या वडिलांना टोपी काढून वाकायला लावले, ही त्यांची पहिली आठवण. तेव्हा ते चार वर्षांचे होते. मेज आणि गांधीजी यांची भेट सुमारे दीड तास चालली. संख्येने थोड्या असलेल्या लोकांनी बलाढ्य बहुसंख्यांपुढे अहिंसा कशी वापरावी, हा मेज यांच्या जिज्ञासेचा विषय होता. त्याबरोबरच अस्पृश्यतेविरुद्ध लढणारे गांधीजी जातिव्यवस्थेविरुद्धच युद्ध का पुकारीत नाहीत, असेही त्यांनी विचारले. पाहुण्याचा हा प्रश्न नेमका होता. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांचे 'जातिनिर्मूलना'वरील भाषण पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले होते आणि 'हरिजन'च्या अंकांतून गांधीजींनी त्यावर आपले मत मांडले होते.

तेथून मेज म्हैसूरला एका परिषदेसाठी गेले. तिकडे अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली, ती अमेरिकेत नाव कमावलेला एक अस्पृश्य म्हणून. मेज यांना आधी धक्का बसला, रागही आला. नंतर मात्र या शब्दात आपल्या देशातील आपली स्थिती नेमकी पकडली गेली आहे, हे त्यांना उमगले. पुढे ते अटलांटाच्या मोरहाउस महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. तेथे शिकलेले मार्टिन ल्यूथर किंग त्यांना गुरुस्थानी मानत. किंग यांच्या १९६८ मधील अंत्यविधीत श्रद्धांजलीचे भाषण मेज यांनीच केले.

मंदिर आणि झोपडी

मेज येण्यापूर्वी आठ वर्षे, जुलै १९२८ मध्ये, जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले. देशात या दिशेने पडलेल्या सुरुवातीच्या पावलांपैकी हे एक. विनोबा भावे यांचा त्यामागे आधार होता. मंदिराचे दार उघडले म्हणून मने उघडली असे नव्हे. पण आत आणि बाहेर ही रेघ एके ठिकाणी तरी पुसली गेली.

रूपावरून होणाऱ्या निवाड्याची याहून कठीण परीक्षा कुष्ठरोगाने घेतली. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने वर्ध्याजवळ दत्तपूर येथे महारोगी सेवा समितीचे काम सुरू केले. १९३९ साली परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. ते संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातील गांधीजींचे सहबंदी. कुष्ठरोगाने त्यांना घराबाहेर काढले होते. आश्रमात लहान मुले होती, अनेक कुटुंबे होती, आणि त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, जवळच झोपडी बांधून दिली आणि त्यांच्या अंगाला स्वतः मालिश केले. 'परचुरे कुटी' सेवाग्रामला येणाऱ्या माणसाला आजही पाहता येते.

हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमटे यांची कथा तर आणखी प्रांजळ. कशालाच न भिणारा हा माणूस वरोऱ्याच्या रस्त्यावर पावसात पडलेल्या, बोटे झडलेल्या तुळशीरामला पाहून प्रथम पळाला. आपण त्या रूपाला भ्यालो, ही टोचणी त्यांना परत घेऊन आली. आनंदवनाची सुरुवात या कबुलीतून झाली.

चेहरा मागे राहतो

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. म्हणजे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले त्याच वर्षी. हा जंतू मज्जातंतूंवर आघात करतो. हातापायांची संवेदना जाते, जखम झालेली कळत नाही, आणि दुर्लक्षित जखमांतून बोटे आखडतात किंवा झिजतात. बहुऔषध उपचारांत प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत रुग्ण बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्याच्यापासून कोणाला संसर्ग होण्याची भीती राहत नाही. मात्र आधीच आलेली विकृती औषधाने जात नाही. रोग गेला तरी चेहरा मागे राहतो. पाहणाऱ्याला जो रोग दिसतो, तो त्या शरीरात केव्हाच उरलेला नसतो.

हे उपचार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशातील ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत पोचले, त्यांत वर्धा होता. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने १९५१ पासून येथे पाहणी, शिक्षण आणि उपचार या तिहेरी पद्धतीने पाया घातला होता. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. रोग संपला असा याचा अर्थ नाही. नवे रुग्ण अजूनही सापडतात आणि लवकर उपचार घेणे हाच विकृती टाळण्याचा मार्ग आहे.

कायदा मात्र रूपच पाहत राहिला. रुग्णांना वेगळे डांबण्याची सोय असलेला १८९८ चा कायदा रद्द झाला तो २०१६ साली. जोडीदाराला कुष्ठरोग आहे, एवढ्या कारणावर घटस्फोट मागण्याची तरतूद वैयक्तिक कायद्यांतून निघाली ती २०१९ साली. औषध येणे आणि कायद्याने ते मान्य करणे, यांत तीस-पस्तीस वर्षांहून अधिक काळ गेला. टॉमच्या लुळ्या हाताचा पुरावा ज्युरीसमोर होता, तसाच हा पुरावाही सर्वांसमोर होता.

पंगतीचा प्रश्न

मग पूर्वग्रह जातो कशाने? कादंबरीत याचे एक छोटे उत्तर आहे. वॉल्टर कनिंगहॅम हा गरीब गोऱ्या शेतकऱ्याचा मुलगा स्काउटच्या घरी जेवायला येतो आणि सगळ्या अन्नावर काकवी ओतून घेतो. स्काउट हसते, तेव्हा स्वयंपाकीण कॅलपर्निया तिला बाजूला नेऊन खडसावते. पुढे याच मुलाचा बाप टॉमला ठार मारू पाहणाऱ्या जमावात तुरुंगापुढे उभा असतो. वर्गमित्राचा बाप म्हणून स्काउट त्याची ओळख काढून बोलू लागते आणि जमाव माघारी फिरतो. त्या कुळाचा एक नातेवाईक नंतर ज्युरीवर असतो, आणि टॉमला सोडावे असे काही काळ तरी म्हणणारा तो एकटाच. जे युक्तिवादाने साधले नाही, ते पंगतीने आणि ओळखीने थोडेसे साधले.

कादंबरीची मर्यादाही त्याच पंगतीत दिसते. त्या टेबलावर गरीब गोरा मुलगा बसतो. जेवण रांधणारी कॅलपर्निया बसत नाही. टॉमला तर स्वतःची कहाणी सांगायला न्यायालयाखेरीज जागाच मिळत नाही. त्याची बाजू अखेर एक सज्जन गोरा मांडतो, ही टीका अमेरिकेतील अनेक वाचकांनी केली आहे. २०१५ साली 'गो सेट अ वॉचमन' प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यातील म्हातारा अॅटिकस वर्णभेदाची बाजू घेताना पाहून चाहत्यांना धक्का बसला. उपकारकर्त्याच्या नजरेतून पाहिलेल्या समतेला सीमा असते, हे आंबेडकरी चळवळीच्या वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही.

नुसता शेजारही पुरत नाही. गावकुसाबाहेरची वस्ती गावाला लागूनच होती, तरी पाणवठे शतकानुशतके वेगळे राहिले. शेजार हवा तो बरोबरीचा. मेज यांना दीड तासात मिळाला तो असा होता, कारण पाहुणा प्रश्न विचारीत होता आणि यजमानाला उत्तर द्यावे लागत होते.

आज गोरेपणाच्या एका प्रसिद्ध मलमाने २०२० साली आपल्या नावातून 'फेअर' हा शब्द वगळला आहे. विवाहविषयक जाहिरातींतील 'गोरी' हा शब्द मात्र संपलेला नाही. भाड्याचे घर देताना आडनावाची चौकशी होते, बरा झालेला कुष्ठरुग्ण शेजारी नको असतो. असे निकाल रोज घरोघरी लागतात आणि त्यांची नोंद कोणत्याही न्यायालयात होत नाही. मेकोम्बच्या त्या ज्युरीत आपण असतो तर टॉमच्या हाताकडे पाहिले असते की रंगाकडे, हे आपल्याला त्या घरच्या निकालांवरूनच ओळखता येईल.