केनीवूड : ट्राममार्गाच्या टोकाला फुललेले उद्यान
करमणुकीची उद्याने : लेखांक ४

केनीवूड हे अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले, सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू असलेले करमणूक उद्यान. पिट्सबर्ग शहराच्या आग्नेयेला, वेस्ट मिफ्लिन येथे मोनोन्गाहेला नदीच्या उंच काठावर ते वसले आहे. नदीपलीकडे ब्रॅडक गावात अँड्र्यू कार्नेगीचा १८७५ मध्ये सुरू झालेला एडगर थॉमसन पोलाद कारखाना दिसतो. या खोऱ्यातल्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसांच्या सुटीच्या दिवसांनीच केनीवूडचा इतिहास घडवला आहे.

एकोणिसाव्या शतकात इथे केनी कुटुंबाची शेती होती. शेतातल्या दाट झाडीला लोक ‘केनीज ग्रोव्ह’ म्हणत आणि शिदोरी बांधून तिथे सहलीला येत. १८९८ मध्ये मोनोन्गाहेला स्ट्रीट रेल्वे या ट्राम कंपनीने ही जागा भाडेपट्ट्याने घेऊन उद्यानाची उभारणी हाती घेतली.

ट्राम कंपनीने उद्यान काढण्यामागे साधा हिशेब होता. त्या काळी अनेक ट्राम कंपन्यांना विजेसाठी ठरावीक रक्कम मोजावी लागे. वापर कमी झाला म्हणून ती घटत नसे. कामाच्या दिवशी गाड्या कामगारांनी भरून जात, पण संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी त्या रिकाम्या धावत. मार्गाच्या शेवटच्या टोकाला करमणुकीचे ठिकाण असले, की या वेळांनाही उतारू मिळत आणि तेही जाता-येता दोन्ही वेळचे. शिवाय आधीच पैसे भरलेली वीज उद्यानातल्या दिव्यांच्या रोषणाईला उपयोगी पडे. या कारणाने अमेरिकेत गावोगावी अशी उद्याने निघाली. त्यांना ‘ट्रॉली पार्क’ असे नाव पडले.

आरंभीचे केनीवूड साधे होते : सावलीची झाडे, तळ्यातल्या होड्या, नाचाचा मंडप, उपाहारगृह आणि लाकडी घोड्यांचे मेरी-गो-राउंड. १९०१ मध्ये ‘ओल्ड मिल’ हा अंधाऱ्या बोगद्यातून जाणारा नौकाप्रवास आला आणि पुढच्याच वर्षी पहिले रोलर कोस्टर उभे राहिले. ओल्ड मिल ही आज उद्यानातली सर्वांत जुनी राइड आहे. १९०६ मध्ये ए. एस. मॅकस्विगन आणि एफ. डब्ल्यू. हेनिंगर यांनी उद्यान चालवायला घेतले. तेव्हापासून शतकभर या दोन कुटुंबांच्या पिढ्यांनी त्याचा कारभार पाहिला.

१९२०चे दशक केनीवूडच्या वाढीचे ठरले. तेव्हाचे नामवंत कोस्टररचनाकार जॉन मिलर यांनी आखलेले ‘जॅक रॅबिट’ १९२० मध्ये सुरू झाले. उद्यानाच्या जमिनीत खोल घळी आहेत. सपाटीवर बांधकाम करणाऱ्याला त्या अडचणीच्या वाटल्या असत्या. मिलर यांनी रूळ थेट त्यांत उतरवले. त्यामुळे लाकडी सांगाडा जेमतेम १२ मीटर उंच असूनही गाडीला सुमारे २१ मीटरचा उतार मिळतो. या कोस्टरचा ‘दुहेरी उतार’ विशेष प्रसिद्ध आहे. गाडी उतरू लागते, क्षणभर सपाटीला येते आणि लगेच पुन्हा खाली झेपावते; त्या दुसऱ्या झेपेला बसणारा आसनावरून चक्क उचलला जातो. एरवी अशा जागी गाडीही रुळांवरून उचलली गेली असती. मिलर यांनी १९१९ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत रुळाच्या खालच्या अंगालाही चाके असतात. ती गाडीला वर उठू देत नाहीत. तीव्र उतारांची आधुनिक कोस्टर याच चाकांमुळे शक्य झाली.

१९२७ मध्ये मिलर यांनीच ‘रेसर’ उभारले. यात दोन गाड्या शेजारशेजारच्या रुळांवरून शर्यत लावतात. पाहणाऱ्याला दोन स्वतंत्र मार्ग दिसतात. प्रत्यक्षात तो एकच अखंड मार्ग आहे. म्हणून डाव्या फलाटावरून सुटलेली गाडी फेरी संपवून उजव्या फलाटाला लागते आणि मूळ जागी यायला तिला दोन फेऱ्या कराव्या लागतात. अशा रचनेची मोजकीच लाकडी कोस्टर आज जगात चालू आहेत. त्याच सुमारास डेंझेल कारखान्यात बनवलेले, कोरीव लाकडी प्राण्यांचे नवे मेरी-गो-राउंड आले आणि १९३६ मध्ये ‘नोहाज आर्क’ हे डुलत्या नौकेचे गंमतघर उभे राहिले. ही दोन्ही आजही चालू आहेत.

पोलाद कारखान्यांसाठी पूर्व आणि दक्षिण युरोपातून आलेल्या कुटुंबांनी केनीवूडला आपले मानले. स्लोव्हाक, इटालियन, पोलिश अशा समाजांचे वार्षिक मेळावे इथे भरू लागले. शाळांच्या सहलींचे ठरलेले दिवस हीदेखील इथली जुनी प्रथा. आजोबा ज्या शाळेच्या सहलीबरोबर आले, त्याच शाळेच्या सहलीबरोबर नातू येतो, असे या खोऱ्यात घडत आले आहे. मात्र हे आपलेपण सर्वांच्या वाट्याला सारखे आले नाही. १९२५ मध्ये बांधलेल्या भव्य पोहण्याच्या तलावात कृष्णवर्णीयांना अनेक वर्षे प्रवेश नव्हता. उद्यानाच्या इतिहासावरचा हा डाग झाकता येणार नाही. १९७०च्या दशकात तो तलाव कायमचा बंद झाला.

मोटारगाड्या वाढल्या, ट्राममार्ग उखडले गेले आणि बहुतेक ट्रॉली पार्क एकामागून एक मिटली. केनीवूड टिकले, कारण चालकांनी जुने मोडण्याऐवजी त्यात भर घातली. १९२४ मध्ये बांधलेल्या ‘पिपिन’ कोस्टरची घळीतली वळणे तशीच ठेवून १९६८ मध्ये त्याचे ‘थंडरबोल्ट’ केले गेले. त्यात फलाट सोडताच गाडी दरीत उतरते आणि तिला वर खेचणारी साखळी प्रवासाच्या मध्यावर येते. १९८७ मध्ये केनीवूडला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. न्यूयॉर्क राज्यातल्या राय येथील प्लेलँड हे त्या वर्षी हाच मान मिळालेले दुसरे उद्यान.

याच दशकात खोऱ्यातले पोलाद कारखाने बंद पडत होते. होमस्टेडचा प्रचंड कारखाना १९८६ मध्ये थांबला. केनीवूडच्या चालकांनी मात्र विस्ताराचा मार्ग धरला. १९८३ मध्ये त्यांनी लिगोनिअरचे आयडलवाइल्ड उद्यान घेतले आणि १९८९ मध्ये होमस्टेडजवळ नदीकाठी ‘सँडकॅसल’ हे जलोद्यान काढले. १९९१ मध्ये आलेले ‘स्टील फँटम’ हे पोलादी कोस्टर त्या वेळी जगात सर्वांत वेगवान होते. त्याचा मोठा उतार थंडरबोल्टच्या लाकडी सांगाड्यातून आरपार जातो. २००१ मध्ये त्याची फेररचना होऊन ‘फँटम्स रिव्हेंज’ तयार झाले; त्याचा वेग ताशी सुमारे १३७ किलोमीटर आहे.

कौटुंबिक मालकीचा काळ २००७ मध्ये संपत आला. त्या वर्षी माद्रिदच्या पार्केस रियुनिदोस या कंपनीला उद्यान विकण्याचा करार झाला. २०१९ मध्ये ‘स्टील कर्टन’ हे नऊ वेळा प्रवाशांना उलटे करणारे कोस्टर आले. त्याचे नाव पिट्सबर्गच्या स्टीलर्स या फुटबॉल संघाच्या गाजलेल्या बचावफळीवरून ठेवले आहे. २०२५ मध्ये हेर्शेंड या अमेरिकन कंपनीने केनीवूड विकत घेतले.

अमेरिकेत एके काळी शेकडोंनी असलेल्या ट्रॉली पार्कांपैकी आज जेमतेम डझनभर उरली आहेत. केनीवूडकडे ना डिस्नेसारखी जगभर पोहोचलेली पात्रे होती, ना तेवढे भांडवल. घळींचा उतार, परिसरातल्या समाजांची ये-जा आणि जुन्या लाकडी सांगाड्यांची दरवर्षीची निगा हीच त्याची पुंजी. प्रादेशिक उद्यानाने आपल्या मातीशी इमान राखले, तर ते मोठ्या नावांच्या गर्दीतही टिकते, हे केनीवूडने दाखवून दिले आहे.

(पुढील लेखांक : कोपनहेगनचे टिव्होली)